‘आज्ञा केली ऐसीजे’ : बोलण्यातून घडणाऱ्या कृती आणि न बोललेला अर्थ

मराठी शालेय व्याकरणात क्रियापदाच्या रूपावरून स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार ‘अर्थ’ सांगितले जातात, आणि त्यामुळे आज्ञार्थी रूपाने आज्ञा होते, विध्यर्थी रूपाने कर्तव्य किंवा इच्छा व्यक्त होते व स्वार्थी रूपाने केवळ माहिती दिली जाते, अशी एक सोयीची समजूत विद्यार्थ्याच्या मनात रुजते. प्रत्यक्षातले बोलणे या वाटणीला फारसे जुमानत नाही. ‘पाणी संपलंय’ हे रूपाने साधे विधान असले, तरी स्वयंपाकघरातून आलेले असेल तर ती बहुधा कळशी उचलण्याची सूचना असते; ‘बसा’ हे रूप आज्ञार्थी असूनही पाहुण्याला उद्देशून उच्चारताना त्यात आज्ञेचा लवलेश नसतो; लग्नपत्रिकेतील ‘अगत्य येण्याचे करावे’ हे विध्यर्थी वाक्य कर्तव्य शिकवीत नाही, आग्रह करते; आणि ‘सांगून ठेवतो’ एवढ्या दोन शब्दांत कधी सावधगिरीचा सल्ला असतो, तर कधी उघड धमकी. रूप आणि कृती यांच्यातील हे अंतर कसे भरून निघते, म्हणजे बोललेल्या शब्दांतून न बोललेला अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत कसा पोहोचतो आणि त्या अर्थाने जगात एखादी गोष्ट कशी घडून येते, हा येथील विषय आहे. वाक्याचे सामर्थ्य वाक्यात किती असते आणि ते बोलणाऱ्याच्या अधिकारात, ऐकणाऱ्याच्या स्वीकारात व दोघांना मान्य असलेल्या रीतीत किती असते, हा त्यातला कळीचा प्रश्न.

या विषयाची आधुनिक मांडणी जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने 1955 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम जेम्स व्याख्यानमालेत केली, आणि ती व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर, 1962 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ‘मी शपथ घेतो’, ‘मी या नौकेला अमुक नाव देतो’ यांसारखी वाक्ये खरी की खोटी असे विचारताच येत नाही, कारण ती एखाद्या घटनेचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच घटना असते, या निरीक्षणापासून ऑस्टिनने सुरुवात केली आणि शेवटी प्रत्येकच उक्ती ही कृती असते या निष्कर्षाशी तो आला. एका उक्तीत तो तीन थर पाहतो : अर्थपूर्ण शब्द उच्चारणे ही उच्चारकृती, ते उच्चारताना विनंती, आज्ञा, वचन, इशारा यांपैकी जे केले जाते ती अभिप्रायकृती, आणि त्यामुळे ऐकणाऱ्यावर जो परिणाम होतो, म्हणजे तो घाबरतो, राजी होतो किंवा फसतो, ती परिणामकृती. अशा कृतीला खरे-खोटेपणाची कसोटी लागत नाही, ती साधते किंवा फसते. आणि ती साधण्यासाठी योग्य रीत, योग्य व्यक्ती आणि योग्य प्रसंग यांची पूर्तता व्हावी लागते. या अटींना येथे ‘साफल्याच्या अटी’ म्हटले आहे. जॉन सर्ल याने 1969 मध्ये त्यांना नियमांचे काटेकोर रूप दिले. मात्र त्या काटेकोरपणात ऑस्टिनच्या उदाहरणांतला जिवंत गोंधळ बराचसा हरवला, असेही म्हणावे लागते.

ही मांडणी मराठीत आणताना उदाहरणेही भाषांतरित करण्याची सवय अभ्यासकांना लागली आहे, आणि त्यामुळे नौकेचे नामकरण मराठी वर्गांत अकारण गाजत राहते. त्याची गरज नाही. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे 20 किलोमीटरवर असलेल्या पन्हाळा या एकाच गडाचा इतिहास आणि तिथले आजचे रोजचे बोलणे यांत या विषयाचे बहुतेक सगळे प्रश्न स्थानिक रूपात भेटतात. कोल्हापूरच्या गादीचे दप्तर कोल्हापूर शहरात जाण्यापूर्वी पन्हाळ्यावरून चालत असे, आणि ज्या रामचंद्रपंत अमात्यांची समाधी या गडावर आहे, त्यांच्याशी जोडलेला ‘आज्ञापत्र’ हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला आहे. छत्रपती राजारामांनी जिंजीकडे जाताना रामचंद्रपंतांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन मागे राहिलेल्या राज्याचा कारभार सोपवला होता, म्हणजे हुकूम करण्याचा अधिकारच एका हुकुमाने त्यांच्याकडे आला होता. साफल्याच्या अटींपैकी ‘योग्य व्यक्ती’ ही अट स्वतः एका वाक्कृतीतून निर्माण होते, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे. (‘वाक्कृती’ म्हणजे बोलून किंवा लिहून केलेली कृती, ही संज्ञा येथे या अर्थानेच योजली आहे.)

राज्याभिषेकोत्तर मराठी राजपत्रांचा ठरलेला साचा असा, की प्रारंभी राज्याभिषेक शक व तिथी, मग ‘क्षत्रियकुलावतंस’ या बिरुदासह छत्रपतींचे नाव, मग ज्याला पत्र जायचे त्याचे नाव, आणि त्यापुढे ‘यांसी आज्ञा केली ऐसीजे’. ऑस्टिनची आदर्श कृतिवाक्ये प्रथमपुरुषी, एकवचनी व वर्तमानकाळी आहेत; मराठी राजाज्ञा तृतीयपुरुषी आहे आणि भूतकाळी आहे. पत्र वाचले जात असताना जी आज्ञा घडायची, ती आधीच घडून गेली आहे असे पत्र सांगते, आणि त्या सांगण्यानेच ती घडते. हा केवळ दप्तरी डौल नव्हे, कारण जी गोष्ट झाली म्हणून सांगितली तिच्यावर वाद घालायला जागा उरत नाही. शिवाय शब्द एकटे पुरत नसत. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ किंवा ‘लेखनसीमा’ अशा अक्षरांची मोर्तब उमटल्याशिवाय तोच मजकूर, तीच आज्ञा, नुसता कागद ठरे. ज्या मजकुराखाली मोर्तब आहे त्याच्या पुढे कोणी ओळ वाढवू शकत नसे. ‘शिक्कामोर्तब होणे’ हा आजचा वाक्प्रचार साफल्याच्या अटी पूर्ण होण्याचेच मराठी नाव आहे.

भूतकाळाने भविष्याला बांधून घेण्याची ही रीत राजदरबारापुरती राहिलेली नाही. उंबऱ्याच्या आत असलेला माणूस बाहेरून हाक आली की ‘आलो, आलो’ म्हणतो, तेव्हा तो अजून जागचा हललेलाही नसतो. दुकानदार ‘दिलं’ म्हणतो तेव्हा वस्तू फळीवरच असते. ‘काम झालं समजा’ असे सांगणाऱ्याने कामाला हातही लावलेला नसतो. रूपावर जाऊन ही विधाने खोटी ठरवणारा माणूस मराठीत हास्यास्पद ठरेल, कारण ऐकणारा त्यांना वृत्तान्त समजत नाही, वचन समजतो. वचनाची ताकदही इथे मोजलेली असते : ‘येतो’, ‘आलो’ आणि ‘आलोच’ या चढत्या पायऱ्या आहेत, आणि ‘येईन’ हे व्याकरणाने खरेखुरे भविष्यकाळी असलेले रूप व्यवहारात या सर्वांहून कच्चे मानले जाते, इतके की पुष्कळदा ते सभ्य नकाराच्या वळणावर जाऊन उभे राहते.

आज्ञेचे सामर्थ्य नेमके कुठे वसते, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. मीमांसकांनी वेदातील विधिवाक्यांचा विचार करताना तो फार टोकदारपणे उपस्थित केला, कारण वेद अपौरुषेय मानल्यावर ‘यज्ञ करावा’ असे सांगणारा कोणी उरतच नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याला ‘हे वाक्य मला प्रवृत्त करीत आहे’ अशी जाणीव होते. वक्ता नसताना प्रेरणा येते कुठून, याचे उत्तर त्यांनी विध्यर्थी प्रत्ययात शोधले आणि प्रत्ययाच्या त्या प्रेरक व्यापाराला ‘शाब्दी भावना’ असे नाव दिले. ऑस्टिन हे सामर्थ्य समाजाने मान्य केलेल्या रीतीत आणि अधिकारात ठेवतो, तर मीमांसक ते शब्दाच्या पोटात ठेवतात. दोन्ही टोके आजही एका भिंतीवर एकत्र नांदतात : सार्वजनिक जागी रंगवलेल्या ‘येथे कचरा टाकू नये’ या वाक्याला कर्ता नसतो, वक्ता नसतो, केवळ ‘नये’ असते, आणि हे अपौरुषेय वाक्य पुरेसे वाटत नाही म्हणून त्याखाली ‘आदेशावरून’ असा एक शब्द लिहिला जातो. आदेश कोणाचा, हे बहुधा तोही सांगत नाही; पण त्याशिवाय फलक उघडा वाटतो हे खरे.

कृती साधली, पण तिच्यामागचा हेतू खरा नव्हता, अशा प्रसंगांना ऑस्टिन ‘दुरुपयोग’ म्हणतो, आणि रीत किंवा अधिकार चुकल्यामुळे जी कृती घडतच नाही तिला ‘चुकलेला बार’. पन्हाळ्याच्या इतिहासातील सर्वपरिचित घटना या भेदाने पाहिली तर वेगळी दिसते. नोव्हेंबर 1659 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेल्या या गडाला 1660 च्या मार्चपासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. पावसाळा सुरू झाला तरी तो ढिला होईना, तेव्हा महाराजांनी शरणागतीची बोलणी लावली, वेढ्यातील दक्षता सैल झाली, आणि 12 जुलैच्या रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले. शरण येण्याचा प्रस्ताव रीतसर गेला, योग्य व्यक्तीकडून गेला आणि तसाच स्वीकारला गेला. म्हणजे वाक्कृती म्हणून त्यात काहीही उणे नव्हते. किंबहुना ती निर्दोष होती म्हणूनच परिणामकृती, म्हणजे पहारा सैल होणे, साधली. महाराजांच्या वेषात पालखीत बसून पुढे गेलेल्या शिवा काशीद यांची गोष्ट याहून निराळी आहे. इथे बोलून फसवणे जवळजवळ नाहीच. पालखी, पोशाख आणि घाई एवढ्यावरून पाहणाऱ्याने स्वतःच अनुमान काढले आणि त्या अनुमानाने त्याला फसवले. विशाळगडावरून तोफांचे आवाज होईपर्यंत खिंड लढवायची, हा बाजीप्रभूंच्या कथेत सांगितला जाणारा संकेत तिसऱ्या प्रकारचा : त्या आवाजाला अर्थ आहे तो केवळ दोघांनी आधी ठरवला म्हणून, आणि तिऱ्हाइताच्या कानाला ती नुसती तोफ. इतिहासलेखनाने या रात्रीतले शौर्य पुरेसे सांगितले आहे. बोलणे, अनुमान आणि संकेत या तीन वेगळ्या साधनांनी तीन वेगळ्या श्रोत्यांपर्यंत अर्थ पोहोचवला गेला, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहिली.

अनुमानाचा हा धागा पॉल ग्राइस याने 1967 च्या हार्वर्ड व्याख्यानांत पकडला. त्याचे म्हणणे असे, की संभाषणात भाग घेणारे एकमेकांकडून एका किमान सहकाराची अपेक्षा ठेवतात : सांगायचे तेवढे सांगावे, खरे सांगावे, प्रस्तुत असेल ते सांगावे, नीट सांगावे. बोलणारा यांपैकी एखादी अपेक्षा उघडपणे मोडतो, तेव्हा ऐकणारा त्याला मूर्ख किंवा असहकारी ठरवण्याऐवजी ‘याला दुसरे काही सुचवायचे असणार’ असे गृहीत धरून तो अर्थ शोधून काढतो. अशा शोधून काढलेल्या अर्थाला येथे ‘सूचितार्थ’ म्हटले आहे. तीन दरवाजाकडे जाणाऱ्या वाटेवर झुणका-भाकरीची पाटी घेऊन बसलेल्या बाया आणि गड पाहायला आलेले लोक यांच्यात दिवसभर जे बोलणे चालते, त्याचा एक नमुना असा मांडता येईल :

‘या दादा, गरम भाकरी हाय.’
‘आत्ताच जेवून आलोय, मावशी.’
‘मग ताक तरी घ्या की.’
‘येताना बघू.’
‘बघा, मग संपतंय.’

या पाच वाक्यांत कोणीही ‘विकत घ्या’ म्हणत नाही आणि कोणीही ‘नको’ म्हणत नाही, तरी विक्रीचा प्रस्ताव, नकार, सुधारित प्रस्ताव, पुन्हा नकार आणि एक सौम्य इशारा एवढे सगळे घडून जाते. भाकरी गरम आहे ही माहिती वाटसरूला प्रस्तुत तेव्हाच, जेव्हा ती त्याच्यासाठी आहे. ‘जेवून आलोय’ हे भूतकाळाविषयीचे विधान नकार ठरते, कारण प्रस्ताव आल्यावर पुढची जागा होकाराची किंवा नकाराची असते, आणि त्या जागी जे काही येईल ते त्या मापाने ऐकले जाते. नकार मात्र एकटा येत नाही, कारण पुढे करून येतो, आणि कारण आले की खुद्द नकाराचा शब्द वगळता येतो. विक्रेतीचे उत्तर त्याहून कसबी आहे. ती कारणावर शंका घेत नाही, ते जसेच्या तसे मान्य करते, आणि ‘मग’ या एका शब्दाने त्या कारणातूनच नवा प्रस्ताव काढते : जेवण झाले असेल तर ताक हेच आता प्रस्तुत. ‘येताना बघू’ हे वचन नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे; परंतु त्याने कोणाचेही मन मोडत नाही आणि परतीची वाट मोकळी राहते. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी सभ्यतेच्या आपल्या सिद्धान्तात ‘मुखरक्षण’ म्हणून जी गोष्ट वर्णिली, ती हीच. त्यांच्या आधारसामग्रीत तमिळ खेड्यातील बोलण्याचा मोठा वाटा होता, हे येथे मुद्दाम नोंदवण्याजोगे.

या संवादातील ‘की’ विशेष लक्ष देण्याजोगा आहे. कोल्हापूरच्या बोलण्यात तो ‘या की’, ‘बसा की’, ‘खा की’ असा आज्ञार्थाला चिकटतो, तसाच ‘हाय की’, ‘येतो की’, ‘व्हय की’ असा विधानालाही चिकटतो, आणि दोन्हीकडे त्याचे काम वेगळे वाटते : पहिल्या जागी तो आज्ञा मऊ करतो, दुसऱ्या जागी विधान ठाम करतो. बारकाईने पाहिले तर काम एकच आहे. ही गोष्ट खरे म्हणजे उघडच आहे, विचारण्याची किंवा सांगण्याची गरज पडायला नको होती, अशी भूमिका ‘की’ घेतो. ‘बसा की’ म्हणजे बसण्याचा तुमचा हक्क गृहीतच आहे, ‘हाय की’ म्हणजे असणार नाही असे तुम्हाला वाटले तरी कसे. वाक्याच्या आशयात त्याने काडीचीही भर पडत नाही. वाक्याने काय केले जात आहे, ते मात्र त्याच्यावाचून बदलते. व्याकरणे अशा शब्दांची अव्ययांच्या यादीत बोळवण करतात. कृतीच्या दृष्टीने ती वाक्याची सुकाणू आहेत.

न सांगितलेल्याची शक्ती पाहुणचारात सर्वांत जास्त जाणवते. ‘चहा घेणार का?’ हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो, परंतु कोल्हापुरी घरात तो विचारला गेला तर कित्येकांना तो नकाराची सोय करून दिल्यासारखा वाटतो. तिथे न विचारता ‘चहा टाक गं’ अशी हाक आत जाते, किंवा ‘जेवूनच जावा’ असे सांगितले जाते, आणि ‘नको’ हा पहिला शब्द नकार म्हणून मोजलाच जात नाही. ‘जेवूनच आला असाल ना?’ या प्रश्नावर रचलेले पुण्याविषयीचे विनोद कोल्हापुरात चवीने सांगितले जातात. त्यांच्यात तथ्य किती हा वेगळा वाद आहे, पण त्यांतला भाषिक मुद्दा अचूक आहे : उत्तर आधीच गृहीत धरणारा प्रश्न प्रस्तावाचे सोंग घेऊन प्रस्तावाचे दार लावतो.

एकच उक्ती ऐकणाऱ्यानुसार निरनिराळी कृती ठरते, हे संस्कृत काव्यशास्त्राला चांगले ठाऊक होते. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अभिधा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, आणि लक्षणा, म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही म्हणून घ्यावा लागणारा जवळचा अर्थ, यांपलीकडे व्यंजना ही तिसरी शक्ती मानली. अकराव्या शतकात मम्मटाने ‘सूर्य मावळला’ या अर्थाच्या एका लहानशा वाक्याचे उदाहरण घेऊन दाखवले, की सेनापती, मजूर, गुराखी, प्रियकराची वाट पाहणारी स्त्री यांना त्यातून वेगवेगळे अर्थ मिळतात. या विचाराला महिमभट्टाने घेतलेला आक्षेप मात्र आज अधिक वाचला गेला पाहिजे. ‘व्यक्तिविवेका’त तो म्हणतो, की व्यंजना नावाची स्वतंत्र शक्ती मानण्याचे कारण नाही, सुचलेला अर्थ अनुमानानेच मिळतो. ग्राइसची अट हीच आहे : सूचितार्थ पायरीपायरीने काढून दाखवता आला पाहिजे. काव्याच्या बाबतीत परंपरेने आनंदवर्धनाच्या बाजूने कौल दिला, आणि काव्यापुरता तो योग्यही असेल. भाकरीच्या पाटीपाशी मात्र महिमभट्टाचेच खरे आहे.

अनुमान काढावे लागते म्हणूनच ते नाकारताही येते, आणि मराठी समाजाने या सोयीवर एक अख्खी कला उभारली आहे. कोपरखळी ज्याला मारली त्याला हसू येणे अपेक्षित असते. टोमणा ज्याला मारला त्याला तो लागावा, पण तक्रार करता येऊ नये, अशी त्याची रचना असते. ‘काही लोकांना वेळेचं भान असतं’ हे वाक्य शब्दशः स्तुतीचे आहे, आणि उशिरा आलेल्याने राग धरला, तर ‘तुम्हाला कोण म्हणालं?’ हे उत्तर तयार असते. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण याच रचनेचे पुढचे रूप सांगते : वाक्य जिला उद्देशून आहे तिच्यासाठी ते नाही, आणि जिच्यासाठी आहे तिला उद्देशून ते नाही. ‘आज्ञापत्रा’कडे या म्हणीच्या उजेडात पाहता येते. ग्रंथ आज्ञेच्या नावाने आहे, परंतु तो कोल्हापूरच्या गादीवरील तरुण छत्रपती संभाजींच्या शिक्षणासाठी रचला गेला असे मानण्याची परंपरा आहे. तसे असेल तर राजाच्या नावाने निघालेली आज्ञा खुद्द राजालाच ऐकवलेली ठरते. मजकुराची घडणही तेच सुचवते. आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, असे सांगून तो थांबत नाही. ती झाडे वाढवायला रयतेला किती वर्षे लागतात आणि तोडल्यास तिच्या दुःखाला पारावार राहत नाही, ही कारणे तो देतो. हुकूम कारणे देत नाही. कारणे देऊ लागला की तो उपदेशाच्या बाजूला झुकतो, आणि ज्याला हुकूम करण्याचा अधिकार अमात्याला नव्हता, त्याला उपदेश करण्याचा होता.

अधिकार मुळीच नसलेल्याचे बोलणे कसे असते, याचे उदाहरणही याच गडाशी जोडलेले आहे. 1729 मध्ये पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांची ‘केकावलि’ ही ईश्वराला उद्देशून केलेली विनवणी, आणि विनवणीचे जेवढे प्रकार मराठीत आहेत तेवढे तीत आढळतात : आर्जव, लाडिक तक्रार, आठवण करून देणे, ब्रीदाचा हवाला देऊन पेचात पकडणे. समोरून उत्तर येण्याची सोय नसल्यामुळे ऐकणाऱ्याच्या स्वीकाराची जागाही कवीलाच भरावी लागते, हा तिचा विशेष वाक्कृतीच्या दृष्टीने अजून कोणी तपासलेला दिसत नाही. कायद्याने मात्र स्वीकाराचा प्रश्न कोरड्या भाषेत सोडवला आहे. 1872 चा भारतीय करार अधिनियम शब्दांनी केलेले वचन व्यक्त मानतो आणि शब्दांवाचून झालेले गर्भित, आणि दोन्ही बांधणारी.

अभ्यासाची खरी अडचण पुराव्याची आहे. लिखित संवाद, मग ते नाटकातले असोत वा कथेतले, लेखकाने आधीच चाळलेले असतात, आणि प्रत्यक्षातले बोलणे टिपू गेल्यास ते बदलते. पन्हाळ्यासारख्या पर्यटनाच्या जागी त्यात बोलींच्या भेटीची भर पडते. ‘कुठनं आलायसा?’ या प्रश्नात मुंबईकराला चौकशी ऐकू येते, बोलणारीच्या लेखी ती ओळखीची सुरुवात असते आणि उत्तरात गावाचे नाव आले की पुरते. ‘जावा की जेवून’ यातले आदरार्थी ‘जावा’ प्रमाण मराठीच्या कानाला विचित्र लागते, आणि त्यातला ‘की’ अधीरपणाचा वाटून आग्रहाची हकालपट्टी होते. चूक शब्दार्थाची नसते, शब्द तर दोघांनाही कळलेले असतात. अशा गैरसमजांची नोंद करायची, तर दोन्ही बाजूंना काय ऐकू आले ते वेगवेगळे विचारावे लागते, आणि ध्वनिमुद्रण सुरू असल्याचे कळताच पन्हाळ्याची बाईही ‘आपण कुठून आलात?’ असे पुस्तकी विचारू लागण्याचा संभव असतो. मग ‘आलायसा’ जातो, त्याच्या मागोमाग ‘की’ जातो, आणि जे तपासायचे होते नेमके तेच नोंदीतून गळते.